पत्र्यांवरचं पांढरं पाणी

प्रेशरनं पाणी मारायचं मशीन घरात आलं तेव्हा आई एका दमात पूर्ण वंदना म्हणायची. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी ती पुढे बसायची आणि तिच्या मागून सगळे म्हणायचे. बाकीच्यांचा श्वास मध्येच तुटायचा, कुणी खोकायचं, कुणाचं पोर रडायला लागायचं. आई थांबायची नाही. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता, जाडाभरडा होता, पण लांब चालायचा. आमच्या घरात दुसऱ्यांपेक्षा जास्त असलेली एकच वस्तू मी पाहिली, ती म्हणजे आईचा दम. तोच गेला. कसा गेला ते सांगायचं तर मला माझ्या धंद्याची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना माझा मलाच संताप येतो.

मी भिलाईत, सुपेल्याला एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. सुट्टी रविवारची. चाळिशी उलटली तरी मालक मला ‘ए लेथवाले’ अशीच हाक मारतो. आपलं स्वतःचं काहीतरी असावं, जिथं कुणी आपल्याला हाक मारणार नाही, आपणच जाऊन कुणाच्या तरी दाराची बेल वाजवू, असं फार दिवसांपासून डोक्यात होतं. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर धुलाईचे व्हिडिओ बघायचो. कुठल्या तरी देशातला माणूस प्रेशरच्या पाण्यानं काळं पडलेलं अंगण धुतोय, त्याची गन जिकडे फिरते तिकडे लख्ख पट्टा उमटतोय. डबा तसाच राहायचा आणि मी बघत बसायचो. शेवटी मशीन घेतलंच.

माझी बायको स्टेशनरीच्या दुकानात कामाला जाते आणि तिच्या जिभेला हाड नाही. मशीन पाहून ती म्हणाली, “लोकायचं अंगण धुवाले मशीन आणली. आपली मोरी कोण धुईन?” मी त्याच दिवशी मोरी धुतली. फरशीच्या सांध्यातलं सिमेंट निघून आलं. बायकोनं ते सुपलीत भरून माझ्यापुढे ठेवलं, ते जास्त लागलं.

बाबा मात्र खूश झाले. त्यांना काम सोडून काही वर्षं झाली होती. रिकामं बसून ते चिडचिडे झाले होते, टीव्हीच्या बातम्यांशी भांडायचे. मशीनच्या भोवती ते दोन चकरा मारून आले, पाइप दाबून पाहिला आणि म्हणाले, “मी येतो तुह्या संग. तुले पाइप सांभाळता येणार नाही एकट्यानं.” मी नको म्हणालो. ते ऐकणारे नव्हते. पहिल्या रविवारी ते स्कूटीवर माझ्या मागे मशीन मांडीवर घेऊन बसले. असा आमचा धंदा सुरू झाला.

बाबा लॅगिंग मिस्त्री होते. म्हणजे बॉयलरमधून निघणाऱ्या गरम पाइपांना पांढरी दोरी गुंडाळायची, वरून पांढरं कापड लपेटायचं आणि त्यावर पांढरा लेप हातानं थापायचा. आतली आग आत राहिली पाहिजे आणि बाहेर हात लावला तर चटका बसायला नको. ते एका लहान ठेकेदाराकडे होते. राइस मिल म्हणू नका, तेलाचा कारखाना म्हणू नका, जिथं बॉयलर असेल तिथं ठेकेदार त्यांना पाठवायचा. तो ठेकेदार कधीच वारला, त्याच्या शेडच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. भांडायचं तर कुणाशी, हा प्रश्नही आम्हाला राहिलेला नाही.

संध्याकाळी बाबा घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. भुवया पांढऱ्या, कान पांढरे. आई दारातच अडवायची. “थांबा तिथीच. घरात पाय टाकू नोका.” ती त्यांचा सदरा ओट्यावरच काढायला लावायची, दोन्ही खांद्यांना धरून जोरात झटकायची. फट्, फट्, फट्. तीनदा. मग पँट. उतरत्या उन्हात पांढरा धुरळा उठायचा आणि मी आणि माझी बहीण त्यात हात फिरवत नाचायचो. हा आवाज ऐकला की आम्हाला कळायचं, बाबा आले. मग आई ते कपडे बादलीत भिजवायची. तिच्याइतकी स्वच्छतेची बाई आमच्या गल्लीत नव्हती आणि तिला ते ठाऊक होतं.

त्या पांढऱ्या कापडाचे उरलेले तुकडे बाबा घरी आणायचे. आईनं त्यांच्या दुहेरी चौकोनी घड्या शिवल्या होत्या. चुलीवरचा तवा त्यानं धरायचा, डाळीचं पातेलं त्यानं उतरवायचं, इस्त्री त्यावर ठेवायची. आमच्याकडे सांडशी कधी आलीच नाही. शेजारच्या बाया घड्या मागायच्या आणि आई शिवून द्यायची. कुणाची मुलगी सासरी निघाली की आहेराच्या भांड्यांत आईनं शिवलेली एक घडी असायचीच. पाहुणे आले की बाबा जादू दाखवायचे. घडी उचलून थेट गॅसच्या ज्योतीत धरायचे. ती लाल व्हायची, पण जळायची नाही. “पाहा,” ते म्हणायचे, “जग जळून जाईन, हे नाही जळणार.” त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

त्या कापडाचं नाव आम्हाला माहीत होतं. एस्बेस्टॉस. नाव माहीत असलं की ती वस्तू आपल्याला माहीत आहे असं वाटतं. आमचंही तेच झालं.

धंद्याचं पहिलं काम जुनवानीला मिळालं. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं अंगण. त्या छत्री घेऊन उभ्या राहिल्या आणि छत्रीच्या टोकानं डाग दाखवत राहिल्या. वर्गात कुणाला उभं करावं तसं त्यांनी मला दोन तास उभं केलं. दुसरं काम पद्मनाभपुरात. तिथं गाडीच्या पोर्चची भिंत धुताना मी गन फार जवळ नेली आणि भिंतीचा रंग ताटाएवढा गोल निघून आला. मालक शांतपणे म्हणाले, “भैया, दीवार भी ले जाओगे क्या?” बाबा पुढचे दोन महिने ज्याला त्याला हे सांगून हसत होते. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, हसून घेतलं तेवढं बरं झालं.

अंगणं, पोर्च, पाण्याच्या टाक्या ही कामं बरेच जण करायचे. आमचं नाव झालं ते सिमेंटच्या पत्र्यांमुळे. भिलाईच्या वस्त्यांमध्ये निम्म्या घरांवर ते नागमोडी राखाडी पत्रे आहेत. दोन पावसाळे गेले की त्यावर काळं शेवाळ धरतं. त्यावर चढायला कुणी धजत नाही, कारण पाय चुकला की पत्रा फुटतो आणि माणूस थेट खाली स्वयंपाकघरात. पण बाबांचं निम्मं आयुष्य शेडवर गेलं होतं. त्यांनी मला शिकवलं, “नटबोल्टाच्या लाइनीवरच पाय ठेव. खाली अँगल असते. मधात गेला का गेलाच समज.” मी वर गन धरून, ते खाली पाइप धरून.

पत्रा धुताना आधी काळं पाणी येतं. मग हिरवट. आणि गन तशीच धरून ठेवली तर शेवटी पांढरं येतं, दुधासारखं. ते पांढरं पाणी आल्याशिवाय पत्रा धुतला असं बाबा मानतच नसत. खालून ओरडायचे, “अजून येऊ दे. पांढरं नाही आलं अजून.” घरमालकही खाली उभे राहून पन्हाळीकडे बघायचे आणि पांढरं आलं की मान डोलवायचे. मला वाटायचं, आता मळ संपला. खरं म्हणजे मळ संपला होता आणि पत्रा निघायला लागला होता. हे मला कळायला पाहिजे होतं. लोखंडाचा कीस कुठला आणि गंज कुठला हे मी डोळे मिटून सांगतो, ते माझं रोजचं काम आहे. पण बाबा तीस वर्षं पांढरे होऊन घरी आलेले मी पाहिले होते. आमच्या घरात पांढरं म्हणजे काम चांगलं झालं.

काम करून आलो की माझे कपडे वाळून कडक झालेले असायचे. बायको म्हणायची, राहू द्या, दुकानातून आल्यावर धुते. आई ऐकायची नाही. “तुले दुकान हाय. मी कोणतं राज्य चालवून राहिली? दे इकडे.” आणि ओट्यावर पुन्हा तो आवाज. फट्, फट्, फट्. मला खोटं सांगायचं नाही, मला तो ऐकून फार बरं वाटायचं. मी बाबांसारखा झालो असं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आईनंच विषय काढला. “साऱ्या भिलाईचे पत्रे धुऊन राहिला. विहाराचे कावून नाही?” बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. त्या दिवशी विहारात सगळे पांढरे कपडे घालून येतात आणि वरचे पत्रे असे काळेकुट्ट, हे आईच्या डोळ्यांना खुपत होतं. मी श्रमदान म्हणून हो म्हटलं. एका रविवारी सकाळपासूनच ऊन असं होतं की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. खाली बाया केरसुण्या घेऊन जमल्या. पोरं पन्हाळीखाली उभी राहिली. वरून थंड पाणी पडतंय म्हटल्यावर ती हटतात कशाला. काळं पाणी गेलं, हिरवं गेलं, पांढरं आलं तशी पोरं आणखी चेकाळली, तोंडं वर करून उभी राहिली. मी मुद्दाम गन तिकडे वळवायचो. आई पदर खोचून खाली उभी होती, ओरडत होती आणि हसत होती. बाबा पाइप धरून म्हणत होते, “येऊ दे, येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी विहारातल्या फरशीवर पत्र्यांच्या सांध्यांतून गळलेला पांढरा लगदा वाळून त्याची पूड झाली होती. बायांनी ती कोरडीच झाडली. पौर्णिमेला समितीच्या अध्यक्षांनी मला पुढे बोलावून हातात फुलं दिली. आईनं वंदना म्हटली, एका दमात. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण होता तो.

त्याच वर्षी थंडी सुरू झाली आणि आई वंदनेत थांबली. अगदी जराशी. मागच्या लोकांना वाटलं, तिनं मुद्दाम विराम घेतला, तेही थांबले. पुढच्या रविवारी दोनदा. मग जिने चढताना, मग पीठ मळताना. एका डॉक्टरनं टीबी सांगितला. सहा महिने ती त्या गोळ्या खात होती. लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली, वजन गेलं, धाप तशीच. छातीत पाणी झालं. काढलं. पुन्हा झालं. पुन्हा काढलं. तेव्हा कुठं रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची अक्कल आम्हाला आली.

तिथले डॉक्टर तरुण होते. तपासणीचे कागद त्यांच्यापुढे होते, पण ते कागद सोडून आईलाच विचारत राहिले. “माँजी, आप क्या काम करती थीं?”

“कुछ नहीं,” आई म्हणाली. “घर में ही रहती हूँ.”

“कभी किसी फ़ैक्टरी में? खदान में?”

“नहीं बाबू. कहीं नहीं.”

मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा स्टुलावर ताठ बसले. त्यांना कुणी कामाबद्दल विचारलं की ते असेच ताठ व्हायचे. त्यांनी सांगितलं, लॅगिंग मिस्त्री, तीस साल, एस्बेस्टॉस की रस्सी, एस्बेस्टॉस का कपड़ा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“आपके काम के कपड़े कौन धोता था?”

बाबांना वाटलं, बायकोचं कौतुक करायची संधी आली. ते हसले. “यही धोती थी, साहब. पहले झटकती थी, फिर धोती थी. बहुत सफ़ाईवाली है.”

डॉक्टरांनी खुर्ची आईजवळ ओढली. मग त्यांनी सांगितलं. फुप्फुसाच्या अस्तराचा कर्करोग. एस्बेस्टॉसचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून आत जातात, तिथंच रुतून बसतात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी आजार होऊन वर येतात. ज्यानं काम केलं त्याला होतो, नाही तर त्याचे कपडे धुणारीला. आई ऐकत होती. तिनं एकदाच विचारलं, “इनको तो नहीं है ना?” म्हणजे बाबांना. बाबांच्या छातीचे फोटो काढले. त्यांच्या फुप्फुसावर जुने डाग निघाले, पण कर्करोग नव्हता.

बाहेर मी एकटा डॉक्टरांच्या मागे गेलो. मी सिमेंटचे पत्रे धुतो, त्यांतही हेच एस्बेस्टॉस असतं, दीड वर्ष झालं, माझेही कपडे आईच झटकते, हे एका दमात बोलून टाकलं. ते म्हणाले, हा आजार दीड वर्षाचा नाही, फार जुना आहे, तुमच्यामुळे नाही. एक-दोन दिवसांच्या धुळीनं सहसा काही होत नाही, पण ते काम आजपासून बंद करा. घरात कुणीही ते कपडे कोरडे झटकू नका.

तुमच्यामुळे नाही. मी दवाखान्याच्या नळावर तोंड धुतलं, चहा प्यायलो, चांगला गोड चहा. आणि कप ठेवताना लक्षात आलं की मी ज्यातून सुटलो त्यात बाबा अडकले. ते बाकावर बसले होते, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होते. माझ्यावरचं ओझं त्यांच्या अंगावर टाकून मी चहा पीत होतो. मला माझी लाज वाटली आणि अजून वाटते.

घरी आल्यावर विहाराचा प्रश्न उभा राहिला. त्या बाया, ती पोरं. मला सांगायचं नव्हतं. मी बायकोला म्हटलं, एक दिवसाचं तर काम होतं, डॉक्टरही म्हणाले की तेवढ्यानं सहसा काही होत नाही, कशाला लोकांच्या जिवाला घोर लावायचा. ती म्हणाली, “फुलं घेतली होती ना हातात? मग हे बी तुमीच सांगा.” आई खाटेवरून ऐकत होती. “सांगून दे बाबू,” ती म्हणाली. “आन त्यायच्या घरी माह्या हाताच्या घड्या हायेत. ते बी सांग. मी येतो संग.”

त्या रविवारी तिला रिक्षातून नेलं. तिनं नेहमीचं पांढरं लुगडं नेसलं होतं, पुढे तिच्या जागेवर बसली. लोकांनी नको नको म्हटलं. तिनं सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला दम संपला. ती तोंड उघडून थांबली, खांदे वर गेले आणि आत काही गेलंच नाही. सगळे वाट बघत राहिले. मग तिची मैत्रीण, जिच्या मुलीच्या आहेरात आईची घडी गेली होती, तिनं ती ओळ उचलली आणि पुढे नेली. आई ओठ हलवत राहिली. बाबा दाराशी चपलांजवळ बसले होते. ते कधीच तिथं बसत नसत.

वंदना संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. वर बोट दाखवून सांगितलं, खाली फरशीकडे दाखवून सांगितलं. एका माणसानं शेजारी बसलेल्या आपल्या मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघत राहिला, जणू त्यावर अजून ते पाणी आहे. आईच्या मैत्रिणीनं विचारलं, “माह्या घरावर तर तेच पत्रे हायेत. निंगतो तरी त्यायच्याच खालून, झोपतो तरी त्यायच्याच खाली. आता काय करू?” मी म्हटलं, घासू नका, कापू नका, फोडू नका, धुऊ नका. आहे तसं राहू द्या. मला तेवढंच माहीत होतं. ती म्हणाली, “म्हणजे काळेच बरे होते.” मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळपासून बाया घरी यायला लागल्या. एकेकीच्या हातात कागदात बांधलेली एकेक घडी. काही इतक्या जुन्या की कडेची शिवण मीच ओळखली, मी शाळेत असताना आईनं माझ्याकडून सुई ओवून घेतली होती. बाया यायच्या, ओट्यावर ठेवायच्या, आईजवळ दोन मिनिटं बसायच्या, जायच्या. आठवड्यात ओट्यावर ढीग झाला. आमच्या घरातल्याही त्यात गेल्या. बायकोनं बाजारातून सांडशी आणली.

एका सकाळी मी कामावर निघत होतो. अंगणात रॉकेलचा वास आला. बाबांनी तो सगळा ढीग अंगणाच्या मधोमध आणून त्यावर रॉकेल ओतलं होतं. मी “बाबा, नको” म्हणेपर्यंत त्यांनी काडी ओढली. भडका उठला. आई आत खाटेवर बसून दारातून बघत होती. बाबा जवळच उभे होते, चटका बसत होता तरी मागे सरत नव्हते. रॉकेल जळलं, शिवणीचा दोरा जळला, वर्षानुवर्षांचं तेल आणि हळदीचे डाग जळले. आग विझली तेव्हा घड्या उसवून सुट्या झाल्या होत्या आणि प्रत्येक तुकडा पांढराशुभ्र होता, नव्या कापडासारखा. बाबांनी पुन्हा रॉकेल ओतलं. पुन्हा काडी लावली. तिसऱ्यांदा त्यांच्या हातातून डबा मी काढून घेतला. तेव्हा ते खाली बसले आणि रडले. “जळून नाही राहिलं,” ते म्हणत होते, “जळूनच नाही राहिलं.” मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी नाकातोंडावर फडकं बांधून ते तुकडे पाण्यानं भिजवले, दोन-दोन पिशव्यांत भरले, एका जुन्या डब्यात ठेवून वरून सिमेंट ओतलं. तो डबा अजून परसात आहे. कुठं टाकायचा हे कुणी सांगू शकलं नाही.

त्या दिवसापासून आईचे कपडे बाबा धुवायला लागले. माझे, बायकोचे, सगळ्यांचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बादलीत दाबून दाबून धुवायचे आणि पिळून तसेच दोरीवर टाकायचे, गोळा झालेले, पाणी टपकत असलेले. झटकायचे नाहीत. आई खाटेवरून बघायची. तिचा जीव श्वासात अडकलेला, पण स्वभाव कुठं जातो. “अजी, झटका ना जरासे,” ती तुटक तुटक म्हणायची. “अशा... चुण्या... पडतात.” बाबा ऐकलं न ऐकलं करायचे. त्या कपड्यांत आता काही नव्हतं, साधी सुती लुगडी होती, हे त्यांनाही कळत होतं. तरी ते झटकायचे नाहीत. चुरगाळलेले कपडे घालून मी वर्कशॉपला जायचो, मालक हसायचा, मी लेथ सुरू करायचो.

हिवाळ्यात आई गेली. शेवटचे दहा-बारा दिवस ती उशांना टेकून बसूनच होती, आडवी होऊ शकत नव्हती. श्वास आत ओढताना तिचा गळा खड्ड्यासारखा आत जायचा. जिचा दम अख्ख्या विहाराला पुरायचा, तिला एका घोटभर पाण्यापुरता दम मिळेना. मी शेजारी बसून तिच्याबरोबर श्वास घ्यायचो. तेवढंच करता येत होतं. ती गेली तेव्हा मीही एक श्वास रोखून धरला होता आणि तो सोडायला मला वेळ लागला.

मशीन मी विकलं नाही. अंगणं धुतो, पोर्च धुतो. पत्र्यांसाठी फोन आला की नाही म्हणतो, का ते सांगतो, तरी लोकांना वाटतं मला उंचीची भीती वाटते. धाप लागते का, असं बायकोला रोज विचारत नाही, पण तिला ठसका लागला की मी हातातलं काम थांबवून ऐकतो. ती वीस-तीस वर्षं मोजायला सुरुवात कुठून करायची, माझ्या लहानपणच्या त्या धुरळ्यापासून की त्या दीड वर्षापासून, हे मला कळत नाही.

आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. बाबा मोरीत बसून काहीतरी धूत होते. मी बघितलं तर आईचं पांढरं लुगडं, विहारात नेसायचं. त्यांनी ते पिळलं, अंगणात आणलं आणि दोरीपाशी उभे राहिले. दोन्ही हातांत दोन टोकं धरली. हात खांद्यापर्यंत वर गेले. मी दारात होतो, मला वाटलं आता ते झटकतील, तिच्यासाठी एकदा तरी. ते तसेच उभे राहिले, पाणी कोपरांवरून खाली गळत होतं. मग त्यांनी हात हळूच खाली घेतले आणि लुगडं होतं तसं, ओलंचिंब, दोरीवर ठेवलं. ते वाळायला दोन दिवस लागले. चुण्या तशाच राहिल्या आणि आम्ही त्यावर इस्त्री केलेली नाही.